पाचवीआईचं कवच

“तुझं कुठंय?”

हौसाबाईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न हा. मी देवळाच्या उंबऱ्याशी उकिडवी बसून केबल आत सरकवत होते. मला वाटलं, चपलांबद्दल म्हणताहेत.

“बाहेर काढल्यात, आजी.”

“बरं बरं,” त्या म्हणाल्या. पण त्यांची नजर माझ्या पायांकडं नव्हती, खांद्यावरच्या बॅगेकडं होती. मी उगाचच बॅग पुढं ओढून मांडीवर घेतली.

त्या आंबेखोलच्या गुरवीण. नवरा गेल्यापासून देवीचं सगळं त्याच बघायच्या. त्यांनी गाभाऱ्यात जाऊन समई शांत केली, देवीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटल्या आणि बाहेर येऊन आम्हाला म्हणाल्या, “सांगितलं तिला. म्हटलं, शेरातनं पावणी आल्याती, घटकाभर बसत्याल, भिऊ नगंस.”

“ती कशाला भिईल?” माझ्याबरोबर आलेले भोईरकाका म्हणाले. “भ्यायचं आपण. आमच्या या डब्यात काय आहे ते तिला ठाऊक नाही.”

“आन् तिच्या पोटात काय हाय ते तुमाला तरी कुठं ठावं हाय?”

काका मोठ्यानं हसले. त्यांचं आयुष्य बॉयलर, पाइप आणि पुलांच्या पोटातले फोटो काढण्यात गेलं होतं. गॅमा किरण सोडायचे, न तोडता न फोडता आतली चीर शोधायची, हे आमच्या एजन्सीचं काम. कागदावर मी इंजिनिअर आणि ते ऑपरेटर. प्रत्यक्षात मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. तेव्हा मी एका लांबलेल्या रजेवरून नुकती कामावर आले होते आणि हे काम काकांनी मुद्दाम माझ्यासाठी मागून घेतलं होतं. “देवळातलं काम आहे, वैजू. भट्ट्यांची धग नको तुला इतक्यात,” एवढंच म्हणाले होते.

पाचवीआई म्हणजे सटवाईच. बाळाच्या पाचव्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाते ती. आंबेखोलला तिला तोंड-नाक काही नाही. मांडी घालून बसलेल्या बाईएवढा शेंदराचा एक लालभडक गोळा आणि त्यावर चांदीचे दोन डोळे. पिढ्यान् पिढ्या तेल आणि शेंदूर चढत जाऊन झालेलं ते कवच. पाठ डोंगराच्या कातळात रुतलेली. त्या वर्षी नवरात्रात तिच्या डाव्या खांद्यावरून तळहाताएवढी खपली गळून पडली आणि आत कोरल्यासारखी एक कड दिसली. तेवढ्यावर देवस्थानचे अध्यक्ष आप्पा कणसे पेटले. आत पुरातन मूर्ती आहे, कवच फोडून ती मोकळी करायची, मग बघा जत्रा कशी भरते आणि डांबरी रस्ता कसा येतो! हौसाबाईंनी सांगितलं, तिला उघडी करायची नाही. गाव दोन बाजूंना झालं. शेवटी असं ठरलं, की आधी न फोडता आत बघू. चित्रात मूर्ती दिसली तर पौर्णिमेला छिन्नी लावायची. नाही दिसली तर विषय बंद.

“पण एक्स-रेला मागं काच धरतात ना?” आप्पांनी विचारलं. गावातला हुशार माणूस. पांढरी पँट, हातात गाडीची किल्ली फिरवत उभा. “मागं तर कातळ हाय.”

“म्हणून तर हे मशीन,” काका म्हणाले. “किरण आरपार जायचीच गरज नाही. भिंतीवर चेंडू मारायचा आणि परत किती येतो ते बघायचं. हे मशीन ओळीनं चेंडू मारत जातं. जिथनं जास्त परत येतो तिथं पांढरं, कमी येतो तिथं काळं. झालं चित्र.”

“आन् चेंडू परत आलाच न्हाई तर?”

“तर पलीकडं कुणीतरी तो धरून ठेवला म्हणायचं.”

आप्पांची किल्ली फिरायची थांबली.

भरल्या दुपारी आम्ही सुरुवात केली. देवळाभोवती दोरी बांधली, दोरीला पिवळ्या पाट्या लावल्या, माणसं लांब काढली. गाभाऱ्यात देवीसमोर रुळांवर मशीन, आणि दुसरं कुणी नाही. काकांनी बाहेरूनच दांडा फिरवून शिशाच्या डब्यातली झडप उघडली. आत मशीन सरकायला लागलं. टक्. थांबायचं. टक्. चाफ्याखालच्या पारावर लॅपटॉप ठेवून मी बसले होते. आमच्या छातीवर बिल्ले होते. काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी, तिच्यात एका रांगेत तीन गोल चकत्या. आपल्याला किती किरण लागले ते या चकत्या मुकाट्यानं साठवतात. ठरल्या दिवशी ऑफिस ते वाचतं. बिल्ल्याशिवाय किरणांजवळ जायचं नाही हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.

चित्र खालून वर येत होतं, एकेक ओळ. पहिल्यांदा चौथऱ्याचा दगड आला, स्वच्छ करडा. मग देवीची मांडी सुरू झाली. बाहेरची कड करडी उमटली, आणि मधे काळं. वरची ओळ, मधे काळं. त्याच्या वरची, काळं. दगडातून विहीर वर चढत यावी तसं ते चढत होतं.

“काय हो म्याडम,” आप्पा दोरीपलीकडून म्हणाले, “आत मूर्ती न्हाई?”

मी हातानंच थांबा म्हणून खुणावलं. कारण काळं म्हणजे पोकळ असू शकतं. चेंडू अडायला काही नसलं तरी तो परत येत नाही. आणि त्या निवांत दुपारी, गाभाऱ्यातून येणाऱ्या टक् टक् आवाजात, माझ्या मनात भलतंच आलं, की आपण एका रिकाम्या पोटाचं चित्र काढतो आहोत. मला तसलं एक चित्र माहीत होतं. पडद्यावर असंच काळं, आणि शेजारी डॉक्टरबाई बोलायच्या थांबलेल्या.

“शेंदूर कशाचा असतो, वैजू?” काकांनी विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. “शिशाचा!”

“शिशाचा. खरा शेंदूर शिसं जाळूनच करतात. आपण डब्याला जे लावतो तेच ही पिढ्यान् पिढ्या अंगावर घेऊन बसलीय.” काकांनी कानाला हात लावले. “आप्पा, तुमच्या देवीनं आमच्यापेक्षा जाड एप्रन घातलाय. आतलं ती दाखवणार नाही.”

“कायच न्हाई दिसणार?”

“वरचं थोडं दिसेल,” मी म्हटलं. “बाहेरची कड करडी येतेय ना? तिथं शिसं कमी आहे.”

“आता पुड्यातनं येतो त्याला वजनच न्हाई,” हौसाबाई मागून म्हणाल्या. “निस्ती खडूची भुकटी. माझ्या सासूच्या येळेचा शेंदूर चिमूटभर घेतला तरी हाताला जाणवायचा.”

मग मांडीच्या वरच्या भागात, त्या करड्या कडेत, पहिला पांढरा ठिपका उमटला. पुढच्या ओळीत तो रुंदावला. त्याच्या वरच्या ओळीत वळला. बोराएवढ्या मण्यांचं एक अर्धं कडं. त्याच्या शेजारी दुसरं. मग एक वाटीसारखं, उपडं. आणखी एक वाटी. दाटीवाटीनं, एकावर एक, कुठल्या वाकड्या, कुठल्या चेपलेल्या. ओळी वर सरकत गेल्या तशा त्या पोकळ वाट्या भरत गेल्या आणि शेवटी त्या सगळ्या मिळून माझ्याकडं बघत असल्यासारखं मला वाटलं. प्रत्येकीला दोन बाजूंना दोन शेपट्या होत्या. बंद.

हनुवटीखाली बांधायचे बंद.

मी लॅपटॉपचा पडदा खाली केला.

“काय झालं?” आप्पा.

“ऊन पडतंय त्यावर,” मी म्हटलं.

हौसाबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी मान अगदी किंचित हलवली, हो म्हणाल्यासारखी.

काम संपल्यावर चित्र दाखवलं तेव्हा आप्पांना त्या खुणा म्हणजे शेंदरातले बुडबुडे वाटले. पण ते हटले नाहीत. उद्या परत काढा म्हणाले. तसं आम्हाला काढायचंच होतं. आमच्याकडं एका चित्रावर कुणी विश्वास ठेवत नाही. तीच जागा, तेच मशीन, दुसरं चित्र, मग दोन्ही एकावर एक ठेवून बघायची. जे दोन्हीत आहे ते खरं. मशीन रुळांवर तसंच ठेवून, किरणांचा डबा गाडीत कुलपात टाकून, आम्ही मुक्कामाला शाळेच्या खोलीवर गेलो. देवळाला कुलूप. किल्ली हौसाबाईंच्या कमरेला.

(इथपर्यंत लिहिलं आणि ही उठली. दूध पिऊन झोपली परत. हिच्या मुठीतून माझी करंगळी अजून सुटलेली नाही, त्यामुळं पुढचं एका हातानं.)

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं तापलं तरी काकांनी अंगातला स्वेटर काढला नाही. गळ्यापर्यंत बटणं. “कणकण वाटतेय,” म्हणाले. “आज तूच सांभाळ सगळं.” आणि स्वतः दोरीच्या पार पलीकडं, आप्पांच्या गाडीच्याही मागं जाऊन उभे राहिले. दांडा मी फिरवला. टक्. टक्.

ओळी चढत गेल्या. दगड, काळं, मणी, वाट्या, सगळं कालच्यासारखं. मी कालचं चित्र शेजारी लावून बोटानं जुळवत होते. हे आहे, हे आहे, हेही. देवीच्या मांडीपाशी बोट थांबलं.

काल तिथं नुसतं करडं होतं. आज तिथं एक चौकोन होता.

मी डोळे चोळले. कालचं चित्र, करडं. आजचं, चौकोन. सरळ कडांचा, पांढराशुभ्र, आणि त्याच्यात एका रांगेत तीन गोल.

गाभाऱ्यात कुणी नव्हतं. दार रात्रभर बंद होतं.

“काका,” मी हाक मारली. काका जागचे हलले नाहीत.

आप्पा मात्र मी झडप बंद करून यंत्र तपासते न तपासते तोच दोरीखालून वाकून आले. पडद्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहराच पालटला.

“पेटी हाय ही! म्याडम, पेटी! ताम्रपट असणार. बघा की, वर तीन शिक्के.”

“काल नव्हती ती,” मी म्हटलं.

“काल न्हवती, आज दिसली. म्हंजी आईनंच दाखवली!” त्यांनी दोन्ही हात जोडले, डोळ्यांत पाणी होतं, ते काही खोटं नव्हतं. “हौसामावशी, आता तरी पटलं का? आईची इच्छा हाय. पौर्णिमा कशाला पायजे? आज सांजच्याला नारळ फोडू आन् छिन्नी लावू. बोलवा रे, पाथरवटाला बोलवा कुणीतरी!”

“आजी, रात्री देवळात कुणी आलं होतं?” मी विचारलं.

“न्हाई,” हौसाबाई म्हणाल्या. “कुणी न्हाई.” पण त्यांचा आवाज आज बारीक झाला होता आणि हात कमरेच्या किल्लीवर होता.

आप्पा फोन लावत होते. माझ्यासमोर दोन्ही चित्रं उघडी होती. त्या चौकोनाकडं मी पुन्हा पाहिलं. तीन गोल. एका रांगेत. आणि मग माझा हात आपोआप माझ्या छातीवर गेला, बिल्ल्यावर. प्लास्टिकवरून बोट फिरवलं. तीन चकत्या. एका रांगेत.

मी काकांकडं पाहिलं. ते गाडीमागून निघून सावकाश आमच्याकडं येत होते, स्वेटरची बटणं काढत. आतल्या शर्टाच्या खिशाला बिल्ला अडकवायचा नुसता चिमटा होता.

“फोन ठेवा, आप्पा,” ते म्हणाले. “ताम्रपट नाही तो. माझा बिल्ला आहे.”

आप्पांना कळेना. काकांनी माझ्या छातीवरचा बिल्ला दाखवला, मग पडद्यावरचा चौकोन दाखवला. आप्पांच्या चेहऱ्यावरून ताम्रपट उतरला आणि त्याच्या जागी राग चढला.

“म्हंजी तुम्ही रात्री आमच्या देवीला हात लावला? गाभाऱ्यात शिरून? आन् वर आमाला येडं बनवताय? तुमच्या ऑफिसला आत्ता फोन करतो. नोकरी ऱ्हाती का बघा!”

“करा,” काका म्हणाले. “मी काही म्हटलं नसतं तर तुम्ही तिला फोडली असती. आणि माझ्या बिल्ल्यापायी फोडली असती. ते नको.”

“पण का, काका?” माझ्या तोंडून निघालं. “बिल्ला?”

काका पाराच्या कडेला बसले. त्यांचे हात मोठे होते, नखांत कायमचं ग्रीस. त्या हातांकडं बघत बोलले.

“काल चित्रात तू ती टोपडी ओळखलीस. मीपण ओळखली. रात्री हौसाबाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ज्यांची जातात त्या बाया आणून देतात. अंगातलं एखादं. आईच्या मांडीत दाबायचं, वरून शेंदूर लिंपायचा. म्हणायचं, तुझ्याकडं दिलं, तू सांभाळ.” ते थांबले. “माझा एक होता. चार दिवसांचा. पाचवी काही आली नाही त्याची. मी तेव्हा या कामात नवा होतो. आम्ही पोरं किरणांचा डबा पायाशी घेऊन जेवायचो. डॉक्टर म्हणाले, त्याचा याच्याशी संबंध नाही. नसेल. मी कुठं म्हणतो आहे? पण माझ्याकडं त्याचं काहीच नव्हतं, वैजू. बायकोनं सगळं नदीत सोडलं होतं. मग त्याच्यापायी द्यायचं तर काय द्यायचं? हेच होतं.”

चाफ्याचं एक फूल की-बोर्डवर पडलं.

“मावशी,” आप्पा म्हणाले, आवाज अजून कडक होता पण कडा मऊ झालेल्या, “तू म्हणालीस कुणी आलं न्हवतं.”

“कुणी म्हंजी चोरबीर. ह्यो तर बाप हाय. आजवर बापय कधी आला न्हाई, म्हणून मलाबी नेम ठावं न्हवता. म्हटलं, आई सांगल काय ते. तिनं घेतलं.”

“आन् हे सगळं?” आप्पांनी पडद्यावरच्या पांढऱ्या गर्दीवर हात फिरवला. “हे बुडबुडे न्हाईत? ह्या समद्या...”

“हां.”

“आमाला कधी कुणी सांगितलं न्हाई.”

“बायकांचं हाय ते. तुमाला कशापायी सांगत्याल? दुसऱ्या दिवशी तुमी म्हणायचा, झालं ते झालं, ऊठ, भाकरी टाक.”

मग माणूस शेवटचा दगड मारतो तसं आप्पा म्हणाले, “म्हंजी आमी चिंध्यांची पूजा करतोय. मूर्ती न्हाईच.”

हौसाबाई पुढं झाल्या. त्या इतक्या वेळात पडद्याजवळ आल्या नव्हत्या. त्यांनी पदर सावरला, वाकल्या, आणि शेंदरानं कायमचं लाल झालेलं बोट पडद्यावर टेकवलं. पांढऱ्यावर नाही. मधल्या काळ्यावर.

“आप्पा, तुज्या आईनं दोन दिलेत. तुज्या आदीचे. तवा मी नवी नवरी व्हते, सासूनं मला दिवा धरायला हुबं केलं व्हतं. एकाच्या मनगट्या आन् एकाचं झबलं. मग तू झालास. तुला आणून हिच्या पायावर घातला तर तुजी आई म्हणाली, ह्यो तेवढा माझ्याकडं ऱ्हाऊ दे.”

आप्पा त्या काळ्याकडं बघत होते. साठीला आलेला तो माणूस वाकून, नाक पडद्याला लागेल इतका जवळ जाऊन बघत होता.

“कुठं?” त्यांनी विचारलं. “कुठं हाय? दिसत न्हाई.”

“दिसायचं न्हाई ते. लई आत हाय. खऱ्या शेंदरात.”

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. इतका वेळ ते मला हुकूम सोडत होते. आता त्या नजरेत विनवणी होती. “म्याडम, मशीन जरा मोठं केलं तर?”

“नाही हो,” मी म्हटलं. “शिशाच्या आत नाही जात. तिथं कुणालाच पोचता येत नाही.”

ते उभे राहिले. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला. पाथरवट सायकलवरून येऊन दोरीपाशी उभा होता, हत्यारांची पिशवी हँडलला. आप्पांनी त्याच्याकडं बघितलं आणि त्याची ओळख पटत नसल्यासारखे बघत राहिले.

“जा बाबा,” म्हणाले. “काम न्हाई.” आणि मग आम्हाला, “मशीन गुंडाळा तुमचं.” चार पावलं जाऊन वळले. “खांद्याची खपली पडलीय, तिथं शेंदूर लावायला पायजे, मावशी. खरा मिळतो का कुठं? मी बघतो वाईत.”

त्यांनी ऑफिसला फोन केला नाही. काकांनीच जाऊन सांगितलं. बिल्ला हरवणं म्हणजे आमच्याकडं मोठी गोष्ट. कारणाच्या जागी त्यांनी खरं तेच लिहिलं, ‘देवीला दिला’. साहेब हसले आणि मग हसायचे थांबले. काकांना वर्षभर टेबलावर बसवलं, तिथूनच ते निवृत्त झाले. माझ्या अहवालात मी जे दिसलं तेच लिहिलं, की कवच घट्ट आहे, चौथऱ्याच्या दगडाला चीर नाही, आणि आतलं या पद्धतीनं सांगता येत नाही.

पण त्या दुपारी निघण्याआधीचं एक राहिलं.

काका डबा गाडीत चढवत होते. मी रूळ आवरायला गाभाऱ्यात गेले. आत थंडगार, तेलाचा वास. चांदीचे डोळे. हौसाबाई तेलाच्या वाटीत शेंदूर कालवत बसल्या होत्या, माझ्याकडं पाठ करून. त्यांनी वळून पाहिलंसुद्धा नाही.

“तुझं कुठंय?” त्यांनी विचारलं.

मी बॅग उघडली. सातव्या महिन्यापासून ते तिथंच होतं, टेस्टर आणि टेपच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत. माझ्या आईनं विणलेलं पिवळं टोपडं. बंदांना गोंडे. कुणाच्या डोक्याला न लागलेलं. रजेवरून आल्यापासून मी रोज ते घेऊन कामावर जात होते आणि रोज घरी आणत होते, आणि हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

काकांचा बिल्ला जिथं होता तिथला शेंदूर अजून ओला होता. मी टोपडं त्याच्या शेजारी ठेवलं आणि अंगठ्यानं दाबलं. आतून काहीतरी थंड, कठीण बोटाला लागलं, ती त्याची कड. म्हणायचं ते मी म्हटलं. मग हौसाबाईंनी वरून लिंपलं आणि एक बोट माझ्या कपाळाला पुसलं.

ते कुठल्याच चित्रात नाही. दोन्ही फायली अजून आहेत माझ्याकडं, मी कधी कधी उघडून बघते. चौकोनाच्या उजवीकडं नुसतं करडं आहे.

ही झाली त्याच्या पुढं चार वर्षांनी. बारशाला काका आले तर दारातच उभे, हात पाठीमागं. “मी लांबूनच बघतो,” म्हणाले. मी उठले आणि हिला त्यांच्या हातात दिलं. त्यांना नकार द्यायला वेळच मिळाला नाही. तिनं त्यांचा खिसा धरला, बरोबर तो, जिथं चिमटा असायचा.

आता ही झोपलीय आणि घर शांत आहे. अशा वेळी मला तो बिल्ला आठवतो. त्या चकत्या विझत नाहीत. कुणी काढून वाचेपर्यंत त्या साठवतच राहतात. दगडातून येतं ते, आभाळातून येतं ते, थोडं थोडं. डोंगराच्या पोटात, अंधारात, इतक्या सगळ्यांच्या मधे तो एकटा जागा आहे आणि मोजतो आहे. आणि त्याला टेकून माझं.